तिने डॉक्टरांची वाट का पाहिली नाही? आयसीसीयूतील परिचारिकेचा इतिहास

१/
रात्री अडीचचा सुमार. हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी बसले होते. आत आजोबा. दाराच्या काचेतून तीन खाटा आणि त्यांच्यामध्ये वावरणारी एक सिस्टर दिसत होती. अकस्मात मॉनिटरचा आवाज बदलला. तिने आधी आजोबांकडे पाहिले, मग पडद्याकडे, आणि पुढच्याच क्षणी तिचे दोन्ही हात आजोबांच्या छातीवर होते. मग विजेचा शॉक. डॉक्टर धावत आले तेव्हा आजोबांचे हृदय पुन्हा लयीत चालू लागले होते.

आजचा थ्रेड त्या काही मिनिटांविषयी आहे. ती मिनिटे एका परिचारिकेच्या हाती कशी आली, याला एक इतिहास आहे.

२/
सकाळी आम्ही साऱ्यांनी डॉक्टरांचे आभार मानले. घरी सोडले त्या दिवशी पेढ्यांचा पुडाही त्यांच्याच केबिनमध्ये गेला. त्या सिस्टरचे नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. रात्रपाळी संपवून ती केव्हाच निघून गेली होती.

ज्यांच्या हातून घटना घडते आणि ज्यांची नोंद राहते, ती माणसे अनेकदा वेगळी असतात, हे वाक्य मी पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत दोनदा तरी लिहिले असेल. त्या सकाळी ते मला आठवले नाही. पुढे मात्र एका प्रश्नाने पाठ सोडली नाही: डॉक्टरांच्या आज्ञेविना शॉक देण्याचा अधिकार तिला कोणी आणि केव्हा दिला?

३/
सुरुवात करू १९५५ पासून. २४ सप्टेंबरच्या पहाटे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर मुक्कामी हृदयविकाराचा झटका आला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान मानल्या जाणाऱ्या या माणसासाठी सर्वोत्तम उपचार हजर झाले. लष्करी रुग्णालय, बोस्टनहून आलेले विख्यात हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट, प्राणवायूचा तंबू, वेदनाशामक, रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि विश्रांती. ११ नोव्हेंबरला, म्हणजे जवळजवळ सात आठवड्यांनी, ते डेन्व्हरहून निघाले.

ते वाचले. पण त्या रात्री त्यांच्या हृदयाची लय बिघडली असती, तर छाती न उघडता ती पूर्ववत करण्याचे साधन त्या रुग्णालयातही नव्हते.

४/
त्या काळी झटक्यावरचा उपचार म्हणजे मुख्यतः अंथरूण. १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हृदयधमनीत गुठळी होण्याच्या विकाराचे स्पष्ट वर्णन केले. तेव्हापासून रुग्णाला चार ते सहा आठवडे जवळजवळ निश्चल ठेवण्याची पद्धत रूढ झाली. कूस बदलायची तर परिचारिकेने बदलून द्यायची, घास तिने भरवायचा, दाढीसुद्धा दुसऱ्याने करायची. १९५२ मध्ये सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसवावे असे सुचवले, तेव्हा तेही धाडसाचे वाटले.

या व्यवस्थेत परिचारिकेचे काम कष्टाचे होते, मायेचे होते, निर्णयाचे नव्हते.

५/
रुग्णालयात पोहोचलेल्या झटक्याच्या रुग्णांपैकी साधारण तीस टक्के तेथेच दगावत. त्यातील अनेक मृत्यू विलक्षण असत. संध्याकाळी बरा वाटणारा, घरच्यांशी बोललेला रुग्ण रात्री अंथरुणात निष्प्राण आढळे.

कारण पुढे उमगले. रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयात विजेच्या संदेशांचा गोंधळ उडतो. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. यालाच व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. थरथरणारे हृदय रक्त ढकलू शकत नाही. चार-पाच मिनिटांत मेंदूची कायमची हानी सुरू होते. विशेष म्हणजे यातील अनेक हृदये एरवी चालण्याजोगी असत. केवळ लय हरवलेली असे.

६/
लय परत आणण्याची साधने पंधरा वर्षांत एकामागून एक हाती आली.

१९४७: क्लीव्हलँडचे शल्यविशारद क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेत थांबलेल्या एका मुलाच्या हृदयाला थेट विजेचा धक्का देऊन ते पुन्हा चालू केले. त्यासाठी छाती उघडी असणे आवश्यक होते.

१९५६: बोस्टनच्या पॉल झोल यांनी बंद छातीवरून शॉक देता येतो हे रुग्णांवर दाखवले.

१९६०: बाल्टिमोरचे विद्युत अभियंता कौवेनहोवन आणि त्यांचे सहकारी ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली.

१९६२: लाउन यांनी अधिक सुरक्षित असा डीसी डिफिब्रिलेटर पुढे आणला.

७/
साधने आली, तरी माणसे मरतच राहिली. का? रुग्णालयाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. झटक्याचा रुग्ण सर्वसाधारण वॉर्डात, इतर वीस-तीस रुग्णांमध्ये. त्याच्यावर सतत नजर नाही. यंत्र दुसऱ्या मजल्यावर. परिचारिकेने पाहायचे, धावत जाऊन फोन करायचा, डॉक्टरांनी उठून यायचे, यंत्र ढकलत आणायचे. हाताशी वेळ चार मिनिटे.

हृदय दुरुस्त करण्याची विद्या अवगत झाली होती. अडचण अंतराची आणि घड्याळाची होती.

८/
एक पाऊल मागे जाऊ. अत्यवस्थ रुग्णांना एकत्र आणून त्यांच्या उशाशी सतत माणूस ठेवावा, ही कल्पना पोलिओच्या साथीत कसाला लागली होती. १९५२, कोपनहेगन, ब्लेगडॅम रुग्णालय. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी यंत्रे अपुरी होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन रबरी फुग्याने हवा भरण्याचा मार्ग काढला. फुगा दाबायला? सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे हाताने श्वास पुरवला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घसरले.

यंत्रांची वाण होती म्हणून माणसे उशाशी बसली, आणि अतिदक्षता विभागाचे बीज त्यातून रुजले.

९/
हृदयरुग्णांपुरती हीच कल्पना १९६१ मध्ये एका तरुण ब्रिटिश डॉक्टरने स्पष्टपणे मांडली. एडिनबरोचे डेझमंड ज्युलियन यांनी 'लान्सेट'मध्ये लेख लिहिला. त्यांच्या योजनेचे घटक थोडक्यात असे:

सर्व झटक्याचे रुग्ण एकाच विभागात ठेवावेत.
त्यांच्या ईसीजीवर अखंड नजर आणि धोक्याची घंटा असावी.
डिफिब्रिलेटर व औषधे खाटेजवळ असावीत.
आणि डॉक्टर हजर नसताना प्रशिक्षित परिचारिकेने पुनरुज्जीवनाचे प्रयत्न सुरू करावेत.

पहिल्या तीन कलमांसाठी पैसा लागणार होता. चौथ्यासाठी रुग्णालयातील उतरंडच हलवावी लागणार होती.

१०/
कल्पनेची वेळ आली की ती एकाच वेळी अनेकांना सुचते. मे १९६२ मध्ये ह्यूज डे यांनी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बेथनी रुग्णालयात असा विभाग उघडला. त्याच वर्षी सिडनीत ज्युलियन यांनी सुरू केला. टोरांटोत ब्राऊन, फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर याच दिशेने चालले होते. 'पहिला कोण' हा वाद इतिहासप्रेमींना प्रिय असतो, पण येथे तो फारसा फलदायी नाही. अधिक महत्त्वाचा प्रश्न हा की चौथे कलम प्रत्यक्षात कोणी आणले.

११/
त्यासाठी फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात जावे लागते. मेल्ट्झर यांच्यासोबत तेथे रोझ पिनिओ नावाच्या परिचारिका होत्या. वैद्यकीय इतिहासाच्या सर्वसाधारण पुस्तकांत हे नाव क्वचितच भेटते.

या दोघांनी मांडलेली भूमिका थेट होती: अशा विभागाचा कणा परिचारिका असेल. चोवीस तास खाटेजवळ राहणारी व्यक्ती तीच. लय बिघडण्याच्या क्षणी हजर असेल तीही तीच. मग लय ओळखणे आणि त्यावर कृती करणे तिला शिकवले नाही, तर भोवतीची महागडी यंत्रे मृत्यूची नुसती नोंद करतील.

१२/
आज हे उघड वाटते. तेव्हा नव्हते. परिचर्येचा इतिहास पाहिला तर साधने डॉक्टरांकडून परिचारिकेकडे सावकाश सरकत गेलेली दिसतात. तापमापक आधी डॉक्टरांचे, मग तिचे. विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तदाब मोजणे हेही डॉक्टरांचे काम होते. पुढे ते तिच्याकडे आले. पण या सगळ्यात एक सीमारेषा अभंग होती. तिने मोजायचे, लिहायचे, कळवायचे. अर्थ लावायचा तो डॉक्टरांनी.

ईसीजीची रेषा पाहून 'हे फिब्रिलेशन आहे' असे म्हणणे म्हणजे निदान. त्यावर शॉक देणे म्हणजे उपचार. एका कृतीत दोन्ही सीमा ओलांडल्या जात होत्या.

१३/
म्हणून विरोध झाला. परिचारिकेला ईसीजी कळेल का? चूक झाली तर कायद्याने जबाबदार कोण? थरथर नसलेल्या हृदयाला तिने शॉक दिला तर? शंका सर्वस्वी पोकळ नव्हत्या. चुकीच्या क्षणी दिलेला शॉक चालत्या हृदयाला थांबवू शकतो.

त्यावरचे उत्तर प्रशिक्षणातून आले. हृदयाची रचना, विजेचा मार्ग, निरनिराळ्या लयींची चित्रे, औषधांचे परिणाम, यंत्र हाताळण्याचा सराव. १९६५ मध्ये मेल्ट्झर, पिनिओ आणि रॉडरिक किचेल यांचे हृदय-अतिदक्षतेवरील हस्तपुस्तक निघाले. ते परिचारिकांसाठीच लिहिलेले होते, ही त्याची लक्षणीय गोष्ट. तोवर केवळ डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात असलेली विद्या आता तिच्या टेबलावर उघडी होती.

१४/
अधिकाराचा कागदी मार्गही निघाला: आगाऊ लिहून ठेवलेले स्थायी आदेश. अमुक लय दिसली आणि रुग्ण बेशुद्ध असेल, तर डॉक्टरांची वाट न पाहता अमुक करावे. कागदावर आज्ञा डॉक्टरांचीच राहिली. प्रत्यक्षात 'अमुक लय दिसली' हे ठरवणारे डोळे तिचे होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा दस्तऐवज विलक्षण वाटतो. जुनी उतरंड शब्दांत जपायची आणि कृतीत बदलायची, ही युक्ती आपण राज्यकारभाराच्या इतिहासातही पुनःपुन्हा पाहतो. मुद्रा एकाची, निर्णय दुसऱ्याचा.

१५/
परिणाम काय झाला? १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल यांनी दोन वर्षांतील २५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रक्तदाब कोसळून 'शॉक'च्या अवस्थेत न गेलेल्या रुग्णांचे मृत्यूप्रमाण २६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. (हा वैद्यकीय 'शॉक' वेगळा, विजेचा वेगळा, मराठीत दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो.)

याच निबंधातून 'किलिप वर्गीकरण' आले. रुग्णाचे चार गट: हृदय निकामी होण्याची चिन्हे नाहीत, थोडी आहेत, फुप्फुसांत पाणी साचले आहे, आणि शॉक. पहिल्या गटात ६ टक्के मृत्यू, चौथ्यात ८१.

हे गट ठरवण्यास काय लागते? स्टेथोस्कोप, रक्तदाबाचा पट्टा आणि खाटेजवळ उभे राहणारे माणूस. साठ वर्षांनंतरही ते वापरात आहे.

१६/
येथे थ्रेड संपवला तर गोष्ट फार गोड होईल. इतिहास तेवढा सरळ नसतो.

पहिली गुंतागुंत. नवे विभाग ओसंडून वाहू लागले तेव्हा काहींनी विचारले, याचा खरोखर उपयोग होतो का? १९७१ मध्ये ब्रिटनमधील मॅथर आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत काही निवडक रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे घरी किंवा रुग्णालयात वाटून दिले गेले. दोन्हींच्या मृत्यूप्रमाणात रुग्णालयाच्या बाजूने फरक दिसला नाही. यावर मोठा वाद पेटला. एक कारण असे की सर्वांत घातक असतात ते पहिले काही तास, आणि तेवढ्यात बरेच रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत.

१७/
बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी हे आधीच ओळखले होते. रुग्ण विभागाकडे येत नसेल तर विभागाने रुग्णाकडे जावे, म्हणून त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत बसवला. १९६७ मध्ये त्यांचा व गेडेस यांचा लेख 'लान्सेट'मध्ये आला. आज रस्त्यावर धावणारी हृदयरुग्णवाहिका ही त्याच प्रयोगाची वंशज.

अधिकाराची साखळीही आणखी लांबली. डॉक्टरांकडून परिचारिकेकडे, तिच्याकडून रुग्णवाहिकेतील प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडे, आणि आता विमानतळावरील स्वयंचलित यंत्रामुळे सामान्य प्रवाशाकडे.

१८/
दुसरी गुंतागुंत. आरंभीच्या विभागांत ठाम समजूत होती की अधूनमधून पडणारे जादा ठोके म्हणजे फिब्रिलेशनची पूर्वसूचना. ते औषधाने दाबले की मृत्यू टळेल. परिचारिका ते ठोके मोजत, लिडोकेनचे थेंब वाढवत. वर्षानुवर्षे हे चालले.

१९८९ मध्ये 'कास्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. झटक्यातून उठलेल्यांना असे ठोके दाबणारी दोन औषधे दिल्यावर ठोके कमी झाले, मृत्यू मात्र वाढले. लिडोकेनचा सरसकट वापरही पुढे मागे पडला. पडद्यावरील रेषा नीटनेटकी करणे आणि माणूस वाचवणे यांत अंतर असते, हा धडा महागात मिळाला.

१९/
दरम्यान परिचारिका स्वतःची संस्था उभी करत होत्या. १९६९ मध्ये अमेरिकेत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांत काम करणाऱ्या परिचारिकांची संघटना स्थापन झाली. दोन-तीन वर्षांतच तिने नाव बदलून सर्वच अतिदक्षता परिचारिकांना सामावून घेतले. वैद्यकाची जशी उपशाखा असते, तशी परिचर्येचीही असू शकते, हे त्यातून मान्य झाले.

काम बदलत गेले ते वेगळेच. १९७० मध्ये स्वान आणि गान्झ यांची फुगा लावलेली नळी आली आणि हृदयातील दाबाचे आकडे खाटेजवळ दिसू लागले. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली. १९८६ मध्ये इटलीतील जिस्सी चाचणीने गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने जीव वाचतात हे दाखवले. प्रत्येक शोधाबरोबर परिचारिकेच्या तक्त्यात नवे रकाने वाढले.

२०/
आजच्या आयसीसीयूतील रात्रपाळी म्हणजे या साऱ्या इतिहासाचे थर. पाळी बदलताना खाटेपाशी उभे राहून हवाला घ्यायचा: कोणती औषधे कोणत्या वेगाने चालू, शेवटचे पोटॅशियम किती, मांडीतून किंवा मनगटातून घातलेल्या नळीच्या जागी रक्त तर येत नाही ना. मग तासातासाला नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण, लघवी किती मिलिलिटर. लघवीचा आकडा किरकोळ वाटतो. पण ती कमी होत गेली तर हृदय मूत्रपिंडांपर्यंत पुरेसे रक्त पाठवत नाही, हे त्यातून रक्तदाब कोसळण्याआधी कळू शकते.

आणि खोटे इशारे. छातीवरची चकती घामाने सुटली की रेषा सपाट. रुग्ण दात घासू लागला की पडद्यावर हुबेहूब जीवघेणी लय. म्हणून शिकाऊ परिचारिकेला पहिला नियम सांगितला जातो: आधी रुग्णाकडे पाहा, मग मॉनिटरकडे.

काचेपलीकडच्या त्या सिस्टरने नेमके तेच केले होते. आधी आजोबा, मग पडदा. मला तेव्हा तो क्रम दिसला. त्याचा अर्थ वर्षभराने कळला.

२१/
आता आपल्याकडे वळू. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने ब्रिटिश भारताच्या आरोग्याचा लेखाजोखा मांडला. साऱ्या देशात परिचारिका सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने त्यांच्या प्रशिक्षणाबरोबरच राहणीमान आणि वेतन यांकडेही लक्ष वेधले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला.

अतिदक्षता विभागासाठी आपल्याकडील मान्य निकष प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका असा आहे. माझ्या काचेतून दिसलेल्या तीन खाटा आणि एक सिस्टर आठवा. तशाच एखाद्या काचेबाहेर तुम्ही कधी बसला असाल, तर तुम्हीही मोजून पाहिले असेल.

२२/
वेतनाचे पाहू. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली: २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे, आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयातही ते २०,००० रुपयांच्या खाली नसावे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवण्यात आली.

एवढे किमान वेतन शिफारशीने मागावे लागले, यातच वस्तुस्थिती आली. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत हा अनुभव घेऊन आखातात वा युरोपात जाणाऱ्या परिचारिकांचा ओघ का थांबत नाही, हेही त्यातून उमगते.

२३/
अधिकाराच्या बाजूने मात्र काही हालचाल दिसते. परिचर्या परिषदेने अतिदक्षतेसाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. २०२३ मध्ये १९४७चा कायदा बदलून राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा आला. १९६१ मधील चौथे कलम आपल्याकडे अजून लिहिले जात आहे, असे म्हणता येईल.

२४/
या साऱ्या वाचनातून मला जे उमगले ते असे. परिचारिकेला हा अधिकार कोणी समतेच्या तत्त्वापायी दिला नाही. तो चार मिनिटांच्या सक्तीतून आला. रात्री डॉक्टर जागेवर असू शकत नाहीत, हृदय सकाळपर्यंत थांबत नाही, म्हणून सीमा ओलांडू दिली गेली. आणि जे गरजेपोटी दिले जाते, त्याची किंमत गरज सरताच विसरली जाते. रात्री तिचा निर्णय मान्य असतो. सकाळच्या फेरीत तीच डॉक्टरांच्या मागे फाईल धरून उभी असते.

हे बदलण्यासाठी कायदे लागतील, वेतन लागेल. नोंदही लागेल. ती इतिहासाच्या विद्यार्थ्यांची जबाबदारी आहे.

२५/
शेवटी एक दस्तऐवज. विम्याच्या दाव्यासाठी आजोबांच्या केसपेपरच्या छायाप्रती काढल्या होत्या. परवा तो गठ्ठा पुन्हा हाती आला. डिस्चार्ज कार्डावर त्या रात्रीचा उल्लेख एका ओळीत आहे आणि नाव एकच, डॉक्टरांचे. परिचर्येच्या नोंदींचा कागद मात्र मी यापूर्वी वाचलाच नव्हता. घाईच्या पण सुवाच्य इंग्रजी अक्षरांत तेथे लिहिले आहे, त्याचा आशय असा:

२.३४ – व्हीएफ. छातीदाब सुरू. २०० जूल शॉक.
२.३५ – लय पूर्ववत. नाडी लागते. डॉक्टरांना कळवले.
२.४१ – डॉक्टर हजर.

डॉक्टरांचा दोष नव्हता. ते दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या रुग्णापाशी होते. पण २.३४ ते २.४१ म्हणजे सात मिनिटे. मेंदूला मिळतात चार-पाच.

२६/
नोंदीखाली सही आहे. दोन आद्याक्षरे आणि एक रेघ. नाव लागत नाही. मी चौकशी केली तेव्हा तिने तेथील नोकरी केव्हाच सोडल्याचे कळले.

तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कोणी सिस्टर किंवा ब्रदर असतील, तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा. पहिला शॉक कधी दिला, तेव्हा हात थरथरले का, कोणी शिकवले, कोणी दटावले, ते विचारा. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि पूर्ण नाव लिहून ठेवा. मौखिक इतिहासाला यापेक्षा मोठी साधनसामग्री लागत नाही.

आजोबा परवा ऐंशीचे झाले. पेढे वाटताना त्यांनी एक पुडा बाजूला काढून ठेवायला सांगितला. कोणासाठी, ते आम्ही विचारले नाही.

थ्रेड समाप्त. आपल्याकडील अनुभव, आठवणी आणि दुरुस्त्या खाली अवश्य लिहा.